डीबगरची सत्यनिष्ठा : रोझेनबर्ग यांच्या तत्त्वांची चिकित्सा

प्रस्तावना :
आज्ञावलीतील दोष शोधण्याचे साधन म्हणून डीबगर सर्वपरिचित आहे. तथापि त्याच्या वापराइतकाच त्यामागील तत्त्वविचारही अभ्यसनीय आहे. जोनाथन रोझेनबर्ग यांचा ‘हाउ डीबगर्स वर्क’ (१९९६) हा ग्रंथ या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. डीबगरने तपासाधीन आज्ञावलीत कमीत कमी हस्तक्षेप करावा आणि त्याने दिलेली माहिती सत्य असावी, ही त्यांची दोन प्रमुख तत्त्वे होत. प्रस्तुत लेखात या तत्त्वांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या जीडीबीचे उदाहरण घेऊ. इंटेल प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट लावताना जीडीबी मूळ सूचनेचा पहिला बाइट स्वतःजवळ ठेवतो व त्या जागी ‘इंट ३’ ही एका बाइटची सूचना लिहितो. प्रोसेसर तेथे पोहोचताच अपवाद उद्भवतो आणि लिनक्सची ‘पीट्रेस’ यंत्रणा नियंत्रण डीबगरकडे सोपविते. मात्र वापरकर्त्याने तीच स्मृती पाहिली, तर जीडीबी त्याला बदललेला नव्हे, मूळ बाइट दाखवितो. म्हणजेच येथे सत्यनिष्ठा एका लपवणुकीवर उभी आहे. रोझेनबर्ग यांची दोन तत्त्वे परस्परपूरक वाटली, तरी त्यांच्यात असा ताण आहे.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. चलाचे मूल्य कोठे आहे हे डीबगरला स्वतः कळत नाही. कंपायलरने ‘ड्वार्फ’ स्वरूपात नोंदविलेल्या साक्षीवर तो विसंबतो. कंपायलरने वेगासाठी आज्ञावलीची पुनर्रचना केल्यावर ती साक्ष अपुरी पडू शकते. अशा वेळी जीडीबी ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ असे सांगून आपले अज्ञान मान्य करतो. हे उत्तर गैरसोयीचे असले तरी प्रामाणिक आहे.

हस्तक्षेप टाळण्यासाठी मोझिलाच्या ‘आरआर’ने (२०१४) संपूर्ण धाव नोंदवून ती पुन्हा चालविण्याचा मार्ग स्वीकारला. परंतु नोंद घेताना तो सर्व थ्रेड एकाच कोअरवर आळीपाळीने चालवितो. परिणामी काही दोष प्रकटच होत नाहीत. हस्तक्षेप संपत नाही, केवळ त्याचे स्थान बदलते.

निष्कर्ष :
रोझेनबर्ग यांची तत्त्वे आजही ग्राह्य आहेत; परंतु सत्यनिष्ठेत स्वतःच्या मर्यादेची कबुलीही अंतर्भूत मानली पाहिजे. डीबगर हा साक्षीदार नसून साक्षीचा भाष्यकार आहे. म्हणून पडद्यावरील मूल्य प्रमाण मानण्यापूर्वी ते कोणत्या पुराव्यावरून आले, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे अगत्याचे आहे.