‘दिवास्वप्न’ आणि वर्गातला गोंगाट

भावी शिक्षकांना आवर्जून वाचायला सांगितले जाणारे एक पुस्तक म्हणजे गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाईंचे हे गुजराती पुस्तक १९३२ सालचे. आम्ही येथे एकच प्रश्न घेणार आहोत. धुळ्याकडच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला वर्ग सांभाळण्यासाठी त्याचा किती उपयोग होईल?

कथा काल्पनिक, पण अनुभवावर उभी आहे. एक शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि त्याची फजिती होते. गोंगाट थांबत नाही, शेवटी मुलांना सुटी द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो आणि तोच वर्ग कान देऊन ऐकू लागतो.

हे अपयश लपवलेले नाही, हा पुस्तकाचा मोठा गुण. सरावपाठाच्या वेळी निरीक्षक मागे बसलेले असतात, त्यामुळे मुले गप्प असतात. नेमणुकीनंतर शिक्षक एकटाच असतो. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली, ते योग्यच झाले. पण छडीच्या जागी काय, हे नव्या शिक्षकाला कोणीतरी शिकवायला हवे.

नेमके येथे पुस्तक अपुरे पडते. गोष्ट मुलांना बांधून ठेवते हे पटते, पण सगळ्यांनाच गोष्टी रंगवता येत नाहीत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी अनेक वर्गांचे निरीक्षण करून १९७० साली पुस्तक लिहिले. खोडी झाल्यावर शिक्षक कसा रागावतो याने फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. ज्याचे लक्ष साऱ्या वर्गावर असते आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना ज्याचा धागा तुटत नाही, त्याच्या वर्गात गडबड कमी होते. विज्ञानाच्या तासाला याचा पडताळा घ्यावा. भिंगे आधी वाटून मग सूचना दिल्या, तर कोणी ऐकत नाही. सूचना आधी द्याव्यात, एका मुलाकडून त्या वदवून घ्याव्यात, मगच भिंगे वाटावीत.

आणखी एक प्रश्न पुस्तकात येत नाही, कारण तिथे शिक्षकाची आणि मुलांची भाषा एकच आहे. साक्री-शिरपूरकडे अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या घरांतून मुले शाळेत येतात. प्रमाण मराठीतली सूचना कळली नाही, की मूल शेजाऱ्याला विचारते. शिक्षकाला ती बडबड वाटते आणि न समजल्याबद्दल मूल बोलणी खाते. अशा वेळी सूचना थोड्या शब्दांत द्यावी, कृती करून दाखवावी आणि मुलांच्या बोलीतले चार शब्द शिकून घ्यावेत.

‘दिवास्वप्न’ जरूर वाचावे. प्रशिक्षण वर्गात मात्र पहिल्या दिवसाच्या फजितीपाशी थांबून प्रत्येकाला विचारावे: “पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही काय कराल?” त्या उत्तरांची चर्चा करणे हेच खरे प्रशिक्षण, असे आम्हाला वाटते.