स्वभावाची मोजपट्टी आणि जातीचे वास्तव

दलित वस्तीवर हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत तीन शब्द हमखास येतात: नराधम, समाजकंटक, माथेफिरू. पुतळ्याची विटंबना माथेफिरू करतो, झोपड्या समाजकंटक जाळतात आणि बाईला नागवे करून फिरवतो तो नराधम. हे शब्द निषेधाचे म्हणून वापरले जातात. ते वापरणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या शब्दांमागे एक सिद्धान्त दडलेला आहे. अन्यायाचे मूळ काही माणसांच्या बिघडलेल्या स्वभावात असते, उरलेला समाज निरोगी असतो, असा तो सिद्धान्त. त्याची तपासणी व्हायला हवी. कारण तो खरा असेल तर आपल्या चळवळीचे निम्मे काम मनोविकारतज्ज्ञांकडे सोपवावे लागेल.

या सिद्धान्ताला शास्त्राचे बळ मिळवून देणारा सर्वांत गाजलेला ग्रंथ म्हणजे ‘द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’. १९५० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या जवळजवळ हजार पानांच्या ग्रंथाचे लेखक चौघे: थिओडोर अडोर्नो, एल्स फ्रेंकेल-ब्रुन्सविक, डॅनियल लेव्हिन्सन आणि नेव्हिट सॅनफर्ड. यांपैकी पहिले दोघे हिटलरच्या सावलीतून निसटून अमेरिकेत आलेले. अमेरिकेतील ज्यूंच्या एका संस्थेने या संशोधनाला पाठबळ दिले होते. ज्यांच्या समाजाचा संहार झाला त्यांनीच संहार करणाऱ्या मनाचा शोध घ्यावा, ही घटना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. म्हणून या ग्रंथाकडे आदराने पाहिले पाहिजे, आणि आदराने पाहणे म्हणजे कसून पाहणे.

कॅलिफोर्निया आणि आसपासच्या दोन हजारांहून अधिक गोऱ्या अमेरिकनांना या संशोधकांनी प्रश्नावल्या दिल्या आणि त्यांतील काहींच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. ज्यूंचा द्वेष करणारा माणूस बहुधा निग्रोंचाही द्वेष करतो, परकीयांचाही करतो; म्हणजे द्वेषाचा विषय बदलला तरी द्वेष करणारे मन तेच राहते, असे त्यांना आढळले. या मनाची ओळख पटवण्यासाठी त्यांनी ‘एफ’ मोजपट्टी तयार केली. एफ म्हणजे फॅसिझम. वडीलधाऱ्यांपुढे निमूट वाकणे, रूढी मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी असे वाटणे, दुबळ्याचा तिरस्कार, बळाची पूजा ही त्या मनाची लक्षणे. कठोर शिस्तीच्या घरात वाढलेले मूल बापावरचा राग गिळते आणि मोठेपणी तो आपल्याहून दुबळ्यावर काढते, असा त्यांचा कार्यकारणभाव. अशा माणसाला जर्मन बोलीत सायकलस्वार म्हणतात, असे अडोर्नो सांगतो: पाठ वरच्यापुढे वाकलेली, पाय खालच्यावर आदळणारे.

ही प्रतिमा वाचताना आपल्याकडच्या वाचकाला श्रेणीबद्ध विषमता आठवल्याशिवाय राहत नाही. वरच्या जातीबद्दल चढता आदर आणि खालच्या जातीबद्दल उतरता तिरस्कार, ही जातिव्यवस्थेची घडण बाबासाहेबांनी उलगडून दाखवली होती. अडोर्नोला जी गोष्ट एका माणसाच्या स्वभावात दिसली ती बाबासाहेबांना समाजाच्या रचनेत दिसली. साम्य मोठे आहे, पण फरक त्याहून मोठा आहे. जर्मनीतला सायकलस्वार हा माणसांचा एक प्रकार आहे. आपल्याकडे रस्ताच असा बांधला आहे की त्यावर चालणाऱ्या प्रत्येकाला सायकलस्वार व्हावे लागते. मग तो स्वभावाने तापट असो की शांत.

आता मोजपट्टीकडे वळू. ‘एफ’ मोजपट्टीतील सगळी विधाने एकाच दिशेने लिहिलेली होती. विधानाला ‘हो’ म्हटले की गुण फॅसिझमच्या बाजूला पडत. १९५४ साली निघालेल्या टीकाग्रंथात हायमन आणि शीट्सली यांनी दाखवून दिले की ज्या गोष्टींना हे लेखक व्यक्तिमत्त्व म्हणतात त्यांतील बऱ्याच गोष्टी कमी शिक्षणाशी जोडलेल्या आहेत. कोणत्याही विधानाला होकार देण्याची सवयच या मोजपट्टीत मोजली जाते, अशीही टीका त्या दशकात झाली. या आक्षेपाचा अर्थ ज्यांच्या घरात पहिल्यांदा पाटी आली त्यांना समजावून सांगावा लागत नाही. हातात कागद घेतलेला शिकलेला माणूस समोर उभा राहिला की आपली आई, आपला चुलता ‘व्हय साहेब’ म्हणतो. ते ‘व्हय’ मत नसते. तलाठ्यापुढे, सावकारापुढे, शाळामास्तरापुढे पिढ्यान् पिढ्या टिकून राहण्यासाठी शिकलेले ते शहाणपण असते. मोजपट्टी त्याची नोंद ‘फॅसिस्ट वृत्ती’ अशी करील. उलट, सुशिक्षित पांढरपेशा माणूस कोणत्या विधानाला नाही म्हणायचे हे नेमके ओळखतो, आपली उदारता कागदावर नोंदवतो आणि भाडेकरूला आडनाव विचारायला मोकळा होतो.

हा झाला पद्धतीचा दोष. पुढच्या संशोधकांनी तो बराचसा दुरुस्त केला. बॉब आल्टमायर या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली दोन्ही दिशांची विधाने असलेली नवी मोजपट्टी मांडली, तेव्हाही सत्तेपुढे वाकणे, रूढीला चिकटणे आणि वेगळ्यावर तुटून पडणे हे तीन गुण एकत्र सापडलेच. तेव्हा असा स्वभाव अस्तित्वातच नाही, असे म्हणता येणार नाही. प्रश्न वेगळा आहे: या स्वभावाने काय सिद्ध होते?

याचे उत्तर थॉमस पेटिग्रू याने १९५८ साली दिले. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात काळ्या माणसांबद्दलचा द्वेष प्रचंड होता. पण सत्ताशरण स्वभावाच्या मोजपट्टीवर ते अमेरिकन विद्यार्थ्यांहून फारसे वेगळे नव्हते. अमेरिकेच्या दक्षिण आणि उत्तर भागांतील गोऱ्यांची तुलना करतानाही तेच आढळले: द्वेष दक्षिणेत जास्त, स्वभाव सारखाच. याचा अर्थ सरळ आहे. जेथे द्वेष हा अपवाद असतो तेथे द्वेष करणाऱ्याचा स्वभाव काही सांगून जातो. जेथे द्वेष हाच रिवाज असतो तेथे साधा, मनमिळाऊ, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणारा माणूसही तो रिवाज पाळतो. रिवाज पाळायला दुष्ट असावे लागत नाही, फक्त चारचौघांसारखे असावे लागते.

पश्चिम व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींविषयी मिनार्ड या अभ्यासकाने १९५२ साली लिहिलेला वृत्तान्त याच संदर्भात वाचण्यासारखा आहे. गोरे आणि काळे खाणकामगार जमिनीखाली खांद्याला खांदा लावून काम करीत. वर आले की त्यांचे रस्ते वेगळे होत. त्याच्या अंदाजानुसार सुमारे ६० टक्के गोरे कामगार खाणीच्या तोंडाशी आपली वागणूक बदलत. माणूस तोच, दिवस तोच. पन्नास पावलांत स्वभाव बदलत नाही, नियम बदलतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत याच्या उलट घडत होते. धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे म्हणून जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. लाल बावट्याखाली एकजुटीने लढणारा सवर्ण विणकर काही दुष्ट नव्हता. त्याचे मत पुरोगामी होते, स्वभाव लढाऊ होता, पण त्याच्या धोट्यावर जात बसलेली होती.

स्वभावावरून राजकीय मत ओळखता येते, या दाव्याची आणखी एक परीक्षा सोव्हिएत रशियात झाली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मॅकफार्लंड आणि त्याच्या रशियन सहकाऱ्यांना आढळले की अमेरिकेत भांडवलशाहीचा कैवार घेणारा सत्ताशरण माणूस रशियात साम्यवादी समतेच्या नियमांचा कैवार घेतो. स्वभाव एकच, मते परस्परविरोधी. जेथे जी व्यवस्था पवित्र मानली गेली तेथे तिला तो चिकटला. म्हणजे स्वभाव चिकटण्याचे बळ देतो. कशाला चिकटायचे ते व्यवस्था ठरवते.

या क्षेत्रातील आत्मविश्वास किती तकलादू असू शकतो, याचेही एक उदाहरण नोंदवले पाहिजे. २०१२ साली अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात व्हरहुल्स्ट, ईव्हज आणि हॅटेमी यांचा निबंध आला. आयसेंकने ज्याला ‘सायकोटिसिझम’ म्हटले तो कठोर, आक्रमक स्वभावगुण सनातनी मतांशी जोडलेला आहे, असे त्यात म्हटले होते आणि त्याचे पटण्याजोगे स्पष्टीकरणही दिले होते. २०१६ साली दुरुस्ती छापावी लागली: आकडे संगणकात भरताना मतांची दिशाच उलटी नोंदली गेली होती; तो गुण उदारमतवाद्यांच्या बाजूला पडत होता. स्वभाव मताला जन्म देत नाही हा आमचा मुख्य निष्कर्ष मात्र अबाधित आहे, असे लेखकांचे म्हणणे. ते मान्य केले तरी एक गोष्ट उरते. उलट्या आकड्यांनाही सुलट स्पष्टीकरण मिळाले होते आणि ते काही वर्षे टिकले. कारण सनातनी माणूस कठोर असणारच, हे अनेकांना आधीच ठाऊक होते. आपल्याला आवडणारा निष्कर्ष आला तरी तो तपासून घ्यावा, हा धडा आपल्यासाठीही आहे.

बाबासाहेबांची भूमिका या सगळ्या वादाच्या आधीची आणि जास्त खोल आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न होऊ शकलेल्या भाषणात त्यांनी हा प्रश्न हाताळला आहे. जात पाळणारा हिंदू निर्दय किंवा बुद्धिभ्रष्ट आहे म्हणून जात पाळत नाही. तो धार्मिक आहे म्हणून पाळतो. म्हणून भांडण माणसांशी कमी, त्यांच्या मनावर अधिकार गाजवणाऱ्या शास्त्रांशी जास्त, असा त्यांचा युक्तिवाद आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला तो एक ग्रंथ. कोणा माणसाचा पुतळा नव्हे. आणि त्या दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. माणसाच्या स्वभावावर भिस्त असती तर हे दोन्ही घडले नसते. बाबासाहेब मन नाकारीत नाहीत. जात ही मनाची अवस्था आहे, हे त्यांनीच सांगितले. पण ते मन घडवणारा अधिकार कोठे बसला आहे, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. त्यावर न्याय अवलंबून असतो. खैरलांजीत २००६ साली एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा बदलून २५ वर्षांची कैद दिली आणि या हत्यांमागे सूड होता, जात नव्हती, असे मत नोंदवले. गुन्हेगाराच्या मनातील हेतू शोधायला गेले की सूड सापडतोच. सूड कोणावर, किती आणि कोणाच्या डोळ्यांदेखत घेता येतो, हे ठरवणारी जात मनाबाहेर उभी असते. ती सापडत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात गंभीर गुन्ह्यांसाठी, पीडित अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा आहे या कारणावरून गुन्हा घडला, असे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ती अट बदलली. पीडिताची जात ठाऊक असताना गुन्हा केला, एवढे पुरे झाले. कायद्याने मनाचा तळ शोधणे कमी केले आणि सामाजिक नाते पाहणे सुरू केले. दुरुस्तीतील हे थोडे शब्द मानसशास्त्राच्या अनेक ग्रंथांहून मोलाचे आहेत.

स्वभावाचा हाच निकष साहित्यात आपल्यालाही लावला जातो. दलित कविता आली तेव्हा तिला आक्रस्ताळी, चिडखोर, न्यूनगंडातून आलेली म्हणणारे समीक्षक होते, आजही आहेत. कवितेतला राग हा कवीच्या प्रकृतीचा विकार ठरवला की त्या रागाने केलेल्या आरोपाला उत्तर देण्याची जबाबदारी उरत नाही. ज्याला निदान करता येते त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. सवर्णाच्या सनातनीपणाला रचनेचे कारण आणि दलिताच्या विद्रोहाला स्वभावाचे, अशी दुहेरी मोजपट्टी आपण नाकारतो. मग तिची उलटी बाजूही नाकारली पाहिजे. सवर्णाला स्वभावाने दुष्ट ठरवून आपले विश्लेषण पुरे होत नाही.

आणि घरातली गोष्ट. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष फुटत गेला. का, असे कोणालाही विचारा, ‘नेत्यांचा अहंकार’ हे उत्तर तयार असते. अहंकार कोणत्या पक्षाच्या नेत्यांत नसतो? पण १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात खुद्द बाबासाहेब पराभूत झाले, ते कोणाच्या अहंकारामुळे? पुणे करारानंतरच्या संयुक्त मतदारसंघात दलितांचा प्रतिनिधी इतरांच्या मतांवर निवडून येतो, हे गणित ज्यांनी मांडले त्यांनाच ते भोगावे लागले. त्या गणितात प्रत्येक लहान गटाला स्वतंत्र आश्रयदाता मिळू शकतो. फुटीचे बक्षीस रचनेत ठेवलेले असते, अहंकार ते उचलायला पुढे होतो. नेत्यांना शिव्या देऊन आपण तेच करतो जे वृत्तपत्रे माथेफिरू शोधून करतात.

मग मनाचे काय? १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्म दिला, तो मन घडवण्यासाठीच. ज्याने राज्यघटनेच्या मसुद्यावर काम केले त्याला कायदा अपुरा आहे हे माहीत होते. मात्र त्या दीक्षेत स्वभाव मोजून माणसांची वर्गवारी केली गेली नाही. शांत असो की तापट, भित्रा असो की धीट, प्रत्येकाला त्याच बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या. स्वभाव कसाही असला तरी मन नव्याने घडू शकते, या विश्वासावर ते सारे उभे होते. सत्तर वर्षे झाल्यावरही मोजपट्टी घेऊन हिंडणाऱ्या शास्त्रज्ञाला विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे: हा माणूस असा आहे हे कळले, त्याला असे घडवून कोणाचे फावते, ते कधी मोजणार?