'अंग आंबणे' आणि 'स्नायू' : दोन शब्दांचे परीक्षण

खाशाबा जाधवांचा सातारा आणि हिंदकेसरी मारुती मान्यांची सांगली या तालमींच्या मुलखात नवख्या पोराने जोर-बैठका काढल्या की दुसऱ्या दिवशी त्याचे अंग 'आंबते'. प्रयोग जिवंत आहे. परंतु त्याने एका चुकीच्या उपपत्तीस आश्रय दिला आहे. श्रमाने आम्ल साचून अंग दुखते, हे स्पष्टीकरण मराठी वाचकास चटकन पटते, ते काही अंशी या क्रियापदामुळेच. वस्तुतः श्रमाने रक्तात वाढलेले लॅक्टेट तास-दोन तासांत ओसरते. वेदना मात्र २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेस पोचते. थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच तिचा संबंध स्नायूंतील सूक्ष्म फाटण्याशी जोडला होता. १९८१ मध्ये स्वीडिश संशोधकांना तंतूंची विस्कटलेली रचना सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. यवतेश्वर घाटात धावणारास चढण दमविते, पण मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतारामुळे. कारण तेथे स्नायू ताणला जात असतानाच भार तोलून धरतो. बैठकीत खाली जाताना हेच घडते. तेच श्रम काही दिवसांनी पुन्हा केले तर वेदना पुष्कळच कमी होते.

'स्नायू' या शब्दाचा गोंधळ अधिक गंभीर आहे. सुश्रुतसंहितेत पेशी ५००, स्नायू ९०० आणि कंडरा १६, अशी स्वतंत्र गणना आहे. मराठीत 'पेशी' जीवकोशाकडे गेली, तिच्या जागी 'स्नायू' आला (बंगालीत तर तो मज्जातंतू झाला) आणि 'कंडरा' वैद्यकग्रंथांपुरती उरली. टाचेमागील कंडरेस बोलीत 'धोंडशीर' हे नेमके नाव असताना व्यायामलेखक सरसकट 'स्नायू दुखावला' असे लिहितात. हे केवळ शैथिल्य नव्हे. स्नायूस रक्तपुरवठा विपुल असतो. शिवाय अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये वर्णिलेल्या पेशी त्याच्या तंतूंलगत दुरुस्तीस सज्ज असतात. कंडरेत रक्त थोडे, पेशी विरळ. अणुचाचण्यांनी वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ च्या आधारे डेन्मार्कमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, प्रौढ वयात धोंडशिरेचा गाभा जवळजवळ नव्याने घडतच नाही, असे आढळले.

म्हणून 'आता अंग आंबत नाही' एवढ्यावरून मेहनत वाढविणारा मल्ल स्नायूची साक्ष कंडरेच्या बाबतीतही ग्राह्य धरतो. त्याला सावध करू पाहणाऱ्या वस्तादाजवळ तेवढा वेगळा शब्द तरी असावयास हवा.