युद्धात उघडलेली दारे

महालात बेचाळीसची आठवण निघते ती मोर्चा, गोळीबार आणि तुरुंग याच रूपाने. त्या त्यागाविषयी मला आदर आहे. परंतु युद्धाने राज्यकारभार कसा बदलला आणि त्या बदलात दलित माणूस कोठे उभा होता, हा प्रश्न या आठवणींत मला क्वचितच भेटतो.

नोव्हेंबर १९३९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४६ पर्यंत कारभार गव्हर्नरच्या हाती राहिला. भारत संरक्षण नियमांनी सभेपासून धान्यापर्यंत सर्वत्र सरकारचा हात पोचला. लोकांना विचारणे संपले, हुकूम उरला.

मात्र जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्रिपक्षीय कामगार परिषद, तंत्रशिक्षण, सेवायोजन कार्यालये या गोष्टींना युद्धाच्या निकडीने वेग आला. अडले तेव्हा सरकारला कामगार दिसला. हा न्याय नव्हे, गरज होती.

गरजेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोळसा कमी पडला तेव्हा, १९४३ साली, खाणीत भूगर्भात स्त्रियांना उतरविण्यावरील बंदी उठली, आणि ती प्रथम आमच्याच मध्य प्रांतात. १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारची बाजू बाबासाहेबांना मांडावी लागली. समान कामाला समान वेतन हे तत्त्व त्यांनी तेथे पुढे केले. तरीही अंधारात उतरली ती गरीब बाईच. बंदी पुन्हा आली १९४६ मध्ये. बाबासाहेबांचे नाव आले म्हणून हे पान मिटून ठेवणे मला मान्य नाही. चिकित्सा आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

सैन्याचा इतिहास हेच सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये दार पुन्हा उघडले आणि ते मात्र उघडेच राहिले. माझ्या मते फरक सरकारच्या मनात पडला नव्हता, आमच्यात पडला होता. १९१७ साली आमच्यामागे संघटना नव्हती. १९४१ पर्यंत महाडचा लढा, स्वतंत्र मजूर पक्ष आणि बाबासाहेबांचे नेतृत्व उभे होते.

युद्धात हाती आलेले अधिकार सरकार सहजी सोडत नाही. धान्यावरील युद्धकालीन नियंत्रण १९४६ च्या तात्पुरत्या कायद्यातून १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यापर्यंत आले. आम्हाला मिळालेले हक्क असे आपोआप टिकत नाहीत. म्हणून बेचाळीस शिकविणाऱ्या शिक्षकाने गोळीबाराबरोबर हेही शिकवावे : निकडीने उघडलेले दार संघटनेचा पाय आत असेल तरच उघडे राहते.