'होता' आणि 'झाला'

नाताळच्या मध्यरात्री ख्रिस्तसभा लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथा वाचते. गव्हाण, मेंढपाळ, देवदूतांचे गायन हे सारे तीत आहे आणि ते बालकांपासून वृद्धांपर्यंत सर्वांच्या ओळखीचे आहे. दिवसाच्या मिस्साबलिदानासाठी मात्र योहानच्या शुभवर्तमानाची पहिली अठरा वचने नेमलेली आहेत. त्यांत गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत, पवित्र मरियेचे नावही नाही. आहेत ते शब्द, प्रकाश, अंधार आणि जग. जागरणाने जडावलेले भाविक हे वाचन सोशिकपणे ऐकून घेतात आणि आम्ही धर्मगुरूही पुष्कळदा प्रवचनासाठी आदल्या रात्रीच्या गव्हाणीकडेच परततो. हे साहजिक असले तरी त्यात आपले मोठे नुकसान होते, असे आम्हांस वाटते. या अठरा वचनांत नाताळची कथा आहेच. फक्त तिचा आरंभ बेथलेहेमात न होता सृष्टीच्याही मागे होतो. हा उतारा साहित्यकृती म्हणून, आणि तोही मराठी कानाने, एकदा सावकाश वाचून पाहावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना हा उतारा परका नव्हता. १९६५ पर्यंत जवळजवळ प्रत्येक लॅटिन मिस्साच्या अखेरीस तो वाचला जाई आणि शब्दाने देह धारण केल्याचे वचन येताच सर्वजण गुडघे टेकीत. अर्थ किती जणांना कळे हा प्रश्न वेगळा; पण तेथे काहीतरी अपूर्व सांगितले जात आहे एवढे गुडघ्यांना कळत होते. आंजेलसच्या प्रार्थनेत ते वचन आजही दिवसातून तीनदा आपल्या ओठांवर येते, अर्थात जिथे आंजेलस अजून म्हटली जाते तिथे.

या उताऱ्याचे सारे मर्म दोन साध्या क्रियापदांत साठवलेले आहे. मूळ ग्रीकमध्ये ती 'एन' आणि 'एगेनेतो' अशी आहेत. मराठीत 'होता' आणि 'झाला'. इथे आपली भाषा ग्रीकच्या अगदी जवळ जाते. आरंभी शब्द होता, देवासह होता, देव होता. तीनदा 'होता'. नंतर सृष्टीची गोष्ट निघते आणि क्रियापद बदलते: सर्व काही झाले. त्याच्या ठायी जीवन मात्र पुन्हा होते. पुढे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानचा उल्लेख येतो, तेव्हा ग्रीकमध्ये पुन्हा दुसरे क्रियापद, म्हणजे तो 'झाला'. जे केव्हातरी सुरू झाले त्याला 'झाला' आणि ज्याला सुरुवातच नाही त्याला 'होता' अशी ही काटेकोर वाटणी आहे. तेरा वचने ती कसोशीने पाळल्यावर चौदाव्या वचनात योहान ती जाणूनबुजून मोडतो. जो केवळ 'होता' तो शब्द देह 'झाला'. निर्माण केलेल्यांचे क्रियापद निर्माणकर्त्याने पत्करले. नाताळ म्हणजे काय, हे याहून थोडक्यात कोणी सांगितलेले आमच्या वाचनात नाही. याच शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो की अब्राहाम होण्यापूर्वी मी आहे. तिथे 'होतो' असेही तो म्हणत नाही.

आता 'लोगोस'साठी मराठी अनुवादकांनी योजलेला 'शब्द' पाहू. काही विद्वानांना तो तोकडा वाटतो. ग्रीक शब्दात बोलणे, विचार, विवेक, सृष्टीची आंतरिक संगती असे अनेक पदर आहेत आणि 'शब्द' म्हटल्याने व्याकरणाचे पुस्तक तेवढे डोळ्यांपुढे येते, असा त्यांचा आक्षेप. आम्हांला तो पटत नाही. मराठी माणूस शब्द देतो, शब्द पाळतो, शब्दाला जागतो; थोरांच्या शब्दाबाहेर तो जात नाही. शब्द म्हणजे माणसाची पत. शिवाय शब्दाविषयी या भूमीत फार जुने चिंतन आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयात शब्दतत्त्वापासून जगाची प्रक्रिया मांडली, ज्ञानेश्वरीच्या मंगलाचरणात शब्दब्रह्म आहे, आणि शब्दालाच देव मानून शब्दांनीच त्याची पूजा करण्याची भाषा तुकोबांनी केली आहे. अशा भाषेत योहानचा 'शब्द' उपरा ठरत नाही. मात्र साम्य दिसले की भेद विसरण्याची घाई करू नये. शब्दब्रह्माला नाझरेथमध्ये सुतारकीची हत्यारे हाती धरावी लागली नाहीत, त्याला तहान लागली नाही, पंत पिलाताच्या काळी कोणी त्याला खिळले नाही. आपल्या श्रद्धेचे सारे धाडस इथेच आहे.

'शब्द' इतकाच आम्हांला 'वस्ती' हा शब्द आवडतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकून राहणे असा आहे आणि त्यामागे अरण्यात इस्राएलबरोबर चालणाऱ्या दर्शनमंडपाची आठवण आहे. 'निवास केला' असे शिष्ट भाषांतर सहज करता आले असते. परंतु वस्ती ही माणसांची असते, वाडीची असते. वाटसरू वस्तीला उतरतो, रात्रीची वस्तीची एसटी गावातच मुक्काम करते. अनुवादकाने पंडिताचा शब्द न घेता पांथस्थाचा घेतला हे योग्यच केले.

सर्वच ठिकाणी मात्र अशी प्रशंसा करता येत नाही. सर्व काही त्याच्या 'द्वारे' झाले, या वचनातील 'द्वारे' आमच्या कानाला खटकते. आज हा शब्द कचेरीचा झाला आहे. टपालाद्वारे पत्र येते, ग्रामपंचायतीद्वारे अर्ज जातो. ज्याच्याद्वारे काम होते तो मधला. खरा करणारा दुसरा कोणी. त्यामुळे भाविकांच्या मनात नकळत अशी विभागणी तयार होते की पिता मालक आणि पुत्र त्याचे हत्यार किंवा कारभारी. देवाने जग निर्माण केले आणि येशूने ते तारले, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात किती सहजपणे ऐकतो! जणू एकाने घर बांधले आणि गळू लागल्यावर दुसऱ्याला दुरुस्तीला बोलावले.

ही विभागणी नवी नाही. चौथ्या शतकात आलेक्झांड्रियातील आरियस नावाच्या धर्मगुरूने ती सुसंगत सिद्धान्ताच्या रूपाने मांडली. पुत्र श्रेष्ठ आहे, सर्व सृष्टीच्या आधीचा आहे, परंतु तोही निर्मिलेलाच. तो नव्हता अशीही एक अवस्था होती, असे त्याचे म्हणणे. म्हणजे योहानने ज्याला 'होता' म्हटले त्यालाच आरियसने 'नव्हता' म्हटले. सृष्टीला देवाचा प्रत्यक्ष हात सोसवला नसता, म्हणून देवाने आधी पुत्राला निर्मिले आणि मग त्याच्याकरवी इतर सर्व, अशी या पक्षाची मांडणी होती. संत अथानासियसने तिला दिलेले उत्तर आजही ताजे वाटते. सृष्टी करताना देव थकणार होता काय? की लहानसहान वस्तूंना हात लावणे त्याला कमीपणाचे वाटत होते? आणि निर्मिलेल्याला देवाचा हात सोसवत नसेल, तर निर्मिलेल्या पुत्राला तो कसा सोसवला? त्याच्यासाठीही कोणी मधला हवा, त्या मधल्यासाठी आणखी एक. ही साखळी कुठे संपणार?

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाईनने बोलावलेली धर्मपरिषद नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी भरली. २०२५ मध्ये तिला १७०० वर्षे पूर्ण झाली. पुत्र जन्मलेला आहे, घडवलेला नाही, आणि जे पित्याचे सत्त्व तेच त्याचे सत्त्व आहे, असा निर्णय परिषदेने दिला हे आपण जाणतोच. परंतु त्यानंतर लगेच काय येते, याकडे रविवारी विश्वासांगीकार म्हणताना आपले लक्ष जात नाही. सर्व काही पुत्राच्याकरवी झाले हे विधान तिथे येते आणि त्यानंतरच तो आमच्या तारणासाठी खाली उतरला असे येते. आधी निर्माता, मग तारणारा. परिषदेने हा क्रम वाटेल तसा लावलेला नाही.

आरियसचा प्रसार कसा झाला, याविषयी प्राचीन इतिहासकार फिलोस्टॉर्गियस जे सांगतो ते आपल्या कवींनी आणि गायकवृंदांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आरियसने खलाशांसाठी, दळणाऱ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी चालींवर गीते रचली. जात्यावरच्या ओवीचे सामर्थ्य काय असते हे महाराष्ट्राला सांगायला नको. पंडितांचा वाद परिषदेत मिटतो; जात्यावर बसलेला सिद्धान्त पिढ्यान् पिढ्या फिरत राहतो. म्हणून आपण काय गातो हा केवळ संगीताचा प्रश्न नाही. आमच्या प्रचलित गीतांत बाळ येशू आहे, क्रुसावरचा येशू आहे, पवित्र हृदय आहे, मेंढपाळ आहे. पाऊस पाडणारा, बी अंकुरवणारा, ताऱ्यांना वाटा देणारा मात्र सहसा पिताच असतो. येशूला उद्देशून रचलेल्या गीतांत आसवे पुष्कळ आणि सृष्टी थोडी. ही गीते वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. त्यांतली कित्येक आम्हीही भक्तिभावाने गातो. पण त्यांतला ख्रिस्त अर्धा आहे.

आगेराचेच उदाहरण घ्यावे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या वेदीपाशी येतात, आशीर्वादित होतात, घरोघरी जातात. त्या दिवशीच्या गीतांत पित्याचे आभार असतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वेदीवर काही मिनिटांनी धान्याची भाकर ज्याचे शरीर होते, त्याचा त्या लोंबीशी काही संबंध आहे हे आपण गाऊन दाखवीत नाही. ज्याने दाणा निर्मिला तोच दाण्याच्या भाकरीत स्वतःला देतो, असे एखादे कडवे आगेराच्या गीतात का असू नये? आणि तारणारा हा निर्माता नसेल, तर तारण म्हणजे या जगातून सुटका एवढाच अर्थ उरतो. मग विहीर बुजली काय, भातशेत भरावाखाली गेले काय, धर्माला त्याचे सोयरसुतक राहत नाही. आमच्या मते आज ही शिकवण पुस्तकात नसली तरी व्यवहारात जिवंत आहे.

अनुवादाबाबत आणखी एका ठिकाणाचा निर्देश करावासा वाटतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात संत पौलने ख्रिस्ताला सर्व उत्पत्तीचा ज्येष्ठ म्हटले आहे. आपल्याकडील प्रचलित अनुवादात 'उत्पत्ती'ला 'त' हा सप्तमीचा प्रत्यय लागलेला आढळतो. एका अक्षराने केवढा घोटाळा होतो! भावंडांत थोरला म्हणजे तोही भावंडच. पण पौलचा रोख वयावर नसून मानावर आहे. ८९व्या स्तोत्रात देव दाविदाला आपला ज्येष्ठ करीन म्हणतो, आणि दावीद तर इशायाचा धाकटा मुलगा. पौल पुढे लगेच तीन पदे योजतो: सर्व काही त्याच्या ठायी, त्याच्या द्वारे, आणि त्याच्यासाठी निर्माण झाले. हत्याराने घर बांधतात, पण हत्याराच्या ठायी कोणी बांधीत नाही आणि हत्यारासाठी तर नाहीच. 'द्वारे'ला 'ठायी' आणि 'साठी' यांच्या मध्ये बसवून वाचले, म्हणजे त्याला चिकटलेला कचेरीचा वास जातो.

हे सारे शब्दांचे खेळ आहेत, संसारी माणसाला त्याचे काय, असे कोणी विचारील. अथानासियसने त्याचे उत्तर एका दृष्टान्ताने दिले आहे. लाकडी फळीवर रंगवलेले चित्र डागाळून ओळखू येईनासे झाले, तर फळी फेकून देत नाहीत. ज्याचे ते चित्र होते त्यालाच पुन्हा समोर बसावे लागते आणि त्याच फळीवर ते पुन्हा रेखाटले जाते. माणूस देवाच्या प्रतिमेचा. ती प्रतिमा पापाने मळली. दुसरा कोणी कितीही पवित्र, कितीही प्रेमळ असो, तो फार तर सांत्वन करील, उदाहरण घालून देईल. चेहरा परत देणार नाही. आजारी माणसाच्या उशाशी किंवा थडग्यापाशी उभे राहून आम्ही ख्रिस्ताचे नाव घेतो, तेव्हा आमच्या शब्दांचा सारा आधार हाच असतो. आपल्यासारखेच दुःख भोगलेला एक सज्जन एवढाच तो असता, तर मातीला दिलेल्या माणसाविषयी त्याला काय सांगता आले असते?

योहानने आपल्या पहिल्या अध्यायातला हा विचार पुढे सिद्धान्त म्हणून पुन्हा सांगितलेला नाही. त्याने तो प्रसंगांतून दाखवला आहे. नवव्या अध्यायात जन्मांध माणूस भेटतो. एका शब्दाने त्याला दृष्टी देणे प्रभूला अशक्य नव्हते. पण तो भुईवर थुंकतो, चिखल कालवतो आणि तो चिखल त्याच्या डोळ्यांना लावतो, तेही शब्बाथ दिवशी. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने मातीपासून माणूस घडवला होता. दुसऱ्या शतकातील संत इरेनेयसने हा दुवा नेमका हेरला: शब्दाने आईच्या उदरात जे घडवायचे बाकी ठेवले होते ते त्याने इथे सर्वांदेखत पूर्ण केले, असे तो म्हणतो. शिलोहाच्या तळ्यात डोळे धुऊन तो माणूस परतला. शेजारी विचारू लागले, तुझे डोळे उघडणारा कुठे आहे? त्याला ठाऊक नव्हते. डोळ्यांवर फिरलेली ती बोटे कोणाची, हे कळायला त्याला पुढे बरीच उलटतपासणी सोसावी लागली आणि सभास्थानाबाहेरही जावे लागले.