दोन डोळ्यांचें चित्र

आमच्या एका पुणेकर स्नेह्यांच्या घरीं २०११ सालीं मुलाची मुंज झाली. त्यांच्या परदेशस्थ बंधूंनीं दोन भिंगांचा एक कॅमेरा भेट म्हणून आणला होता, आणि सारा समारंभ त्यावर टिपून घेतला होता. त्रिमिति चित्रें दाखविणारा दूरचित्रवाणीचा संचहि घरांत त्याच वर्षीं आला. पुढें वर्ष-दोन वर्षें आल्यागेल्या पाहुण्याच्या हातांत काळा चष्मा देऊन ती मुंज दाखविण्याचा परिपाठ त्या घरीं होता. आम्हींहि ती एकदां पाहिली. नंतर एक चष्मा मोडला, दुसऱ्याची बॅटरी संपली, संच बिघडला आणि विषय मागें पडला. गेल्या दिवाळींत स्नेह्यांना आपल्या दिवंगत मातोश्रींची आठवण होऊन तें चित्र पुन्हां पाहावेंसें वाटलें. नवा संच पहिल्यापेक्षां मोठा आणि स्वच्छ. पण त्यावर मुंज लावतांच पडद्याचे उभे दोन भाग झाले. दोन्ही भागांत तोच मांडव, तोच बटु आणि त्याच आजी. मात्र दोन्ही आजी रुंदींत निम्म्या झालेल्या, एकमेकींच्या शेजारीं बसल्यासारख्या. दुकानांत चौकशी करतां, असे संच आतां निघतच नाहींत, असें उत्तर मिळालें.

त्रिमिति दूरचित्रवाणी आली आणि गेली, याबद्दल कोणी फारसा शोक केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. २००९ च्या डिसेंबरांत 'अवतार' हा चित्रपट आला, आणि त्याच्या यशानें भारून जाऊन मोठमोठ्या कारखानदारांनीं २०१० सालीं हे संच बाजारांत लोटले. अमेरिकेंत ईएसपीएननें त्याच वर्षीं काढलेली त्रिमिति वाहिनी २०१३ सालीं बंद झाली. त्याच सालीं बीबीसीनेंहि आपले प्रयोग आवरते घेतले. आणि २०१७ सालीं सोनी व एलजी या कंपन्यांनीं असे संच काढणें सोडलें, तेव्हां हा अध्याय संपला. अपयशाचें खापर बहुतेकांनीं चष्म्यावर फोडलें. चष्म्याचा जाच होता, हें खरें. परंतु चाळिशी उलटल्यावर चष्म्यावांचून ज्यांस वर्तमानपत्र वाचतां येत नाहीं, त्या माणसांनीं केवळ चष्म्याला कंटाळून एखाद्या कलेकडे पाठ फिरविली, हें आम्हांस पटत नाहीं. आमच्या मतें दोष अधिक मुळांतला होता. दोन डोळ्यांच्या चित्राचें सामर्थ्य कोठें आहे, हें तें काढणारांनीं ओळखलें नाहीं. आणि जेथें तें नाहीं तेथेंच तें आणण्याचा अट्टाहास केला.

मनुष्याच्या दोन डोळ्यांमध्यें सुमारें साडेसहा सेंटीमीटरांचें अंतर असतें. त्यामुळें जवळची वस्तु डाव्या डोळ्यास जेथें दिसते, त्याहून किंचित् निराळ्या ठिकाणीं ती उजव्या डोळ्यास दिसते. मेंदु या दोन साक्षी जुळवून पाहतो आणि त्यांतील फरकावरून वस्तु किती दूर आहे तें ठरवितो. चित्रकारानें कितीहि कौशल्य खर्चिलें तरी दोन डोळ्यांना जो उठाव दिसतो तो फलकावर उतरत नाहीं, ही खंत लिओनार्दो द व्हिंचीनें नमूद करून ठेविली आहे. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं आरशांचें एक यंत्र करून प्रत्येक डोळ्यापुढें त्याचें त्याचें चित्र ठेविलें, आणि कागदावरील दोन सपाट आकृतींतून घन आकृति उभी करून दाखविली. दूरचित्रवाणीच्या प्रवर्तकांपैकीं एक जो जॉन लोगी बेअर्ड, त्यानें १९२८ च्या ऑगस्टांत लंडनमध्यें हाच प्रयोग आपल्या यंत्रावर केला. म्हणजे त्रिमिति दूरचित्रवाणी ही काल-परवांची कल्पना नव्हे. ती दूरचित्रवाणीच्या पाळण्यांतच जन्मली होती.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण आमचें पुढील सर्व म्हणणें तिजवर अवलंबून आहे. अशा कॅमेऱ्यानें खोली नोंदविली जात नाहीं. नोंदविलीं जातात तीं दोन सपाट चित्रें. खोली उत्पन्न होते ती पाहणाराच्या ठिकाणीं, तो पाहत असेल तेवढाच वेळ, आणि तीहि त्याच्या समोरच्या पडद्याच्या मापाची. चित्रपटगृहाच्या दहा मीटर रुंद पडद्यावर क्षितिजाच्या डाव्या आणि उजव्या प्रतिमा साडेसहा सेंटीमीटरांवर असल्या म्हणजे दोन्ही डोळे समांतर होऊन क्षितिज खरोखरच अनंत दूर दिसतें. तेंच चित्र घरच्या एक मीटर रुंदीच्या पडद्यावर आणलें कीं तें अंतर साडेसहा मिलिमीटर होतें. आणि तीन मीटरांवर बसलेल्या माणसास तें क्षितिज काचेमागें जेमतेम दीड वितीवर येऊन थांबलेलें दिसतें. चित्रपटगृहांत डोंगर पाहिलेल्या माणसास घरीं त्याच डोंगराची पेटींत बसविलेली प्रतिकृति दिसावी, याचें हें कारण आहे. छापलेली कादंबरी दिवाणखान्यांत वाचली काय आणि आगगाडींत वाचली काय, ती तीच राहते. या चित्राचें तसें नाहीं.

मग चित्रण करणारानें काय करावें? दोन भिंगांमधील अंतर हें त्याच्या हातांतलें मुख्य साधन. या धंद्यांतील जाणत्यांचा एक जुना ठोकताळा आहे, कीं सर्वांत जवळची वस्तु त्या अंतराच्या तीस पट दूर असावी. भिंगें डोळ्यांइतक्या अंतरावर असलीं तर जवळची वस्तु दोन मीटरांवर आली. एका खोलींतल्या माणसांना हें माप बरोबर बसतें. परंतु ज्याला मैदान दाखवावयाचें आहे त्यास या अंतरानें कांहींच उठाव मिळत नाहीं. म्हणून तो भिंगें एकमेकांपासून दूर नेतो. तसें करतांच उठाव येतो खरा, पण पाहणाराचे डोळेहि जणुं तितकेच दूर गेल्यामुळें तो राक्षस होतो आणि खेळाडू खेळण्यांतल्या बाहुल्यांएवढे होतात. भिंगें तशींच ठेवून दुर्बिणीसारख्या लांब पल्ल्याच्या भिंगानें दूरचें जवळ आणावें, तर माणसें पुठ्ठ्याचीं कापून एकापुढें एक उभीं केल्यासारखीं दिसतात.

२०१० सालीं दक्षिण आफ्रिकेंत झालेल्या फुटबॉलच्या विश्वचषकांतील कांहीं सामने या पद्धतीनें टिपण्यांत आले, आणि नव्या संचांची जाहिरात मुख्यतः खेळांच्या बळावर झाली. आमचा आक्षेप नेमका येथें आहे. साठ-सत्तर मीटरांवर चाललेला खेळ प्रत्यक्ष मैदानांत बसून पाहणारासहि दोन डोळ्यांच्या फरकानें फारसा खोल दिसत नाहीं. तेथें तो अंतर ओळखतो तें आकारावरून, सावलीवरून, कोण कोणाच्या आड गेला यावरून. हीं सारीं गमकें सपाट चित्रांतहि आहेत. मैदानांतल्या प्रेक्षकास जें दिसत नाहीं तें घरच्या प्रेक्षकास दाखवून त्याला 'प्रत्यक्ष' म्हणावें, हा वदतोव्याघात होय. टेनिसची गोष्ट थोडी वेगळी. तेथें अंगण लहान आणि खेळाडू दोनच.

चित्रपटांचा धडा डोळ्यांसमोर असतांना ही चूक व्हावयास नको होती. हिचकॉकचा 'डायल एम फॉर मर्डर' हा १९५४ सालचा चित्रपट बहुतांशीं एका घराच्या एका दालनांत घडतो. टेबल, दिवा, खुर्ची, दार यांमधील अंतरें प्रेक्षकाच्या मनांत हळूहळू मुरत जातात. वस्तु प्रेक्षकाच्या अंगावर फेकण्याचा मोह दिग्दर्शकानें जवळजवळ आवरला आहे. म्हणून गळा आवळला जात असतां नायिकेचा हात कात्रीसाठीं मागें, म्हणजे आपल्याकडे, येतो, तेव्हां तो हात अर्थपूर्ण होतो. दैवदुर्विलास असा, कीं तोंवर लोकांची हौस ओसरली होती आणि हा चित्रपट बहुतेक ठिकाणीं सपाटच दाखविला गेला. वर्नर हर्झोगनें २०१० सालीं फ्रान्समधील शोव्हे गुहेंतील प्राचीन चित्रांवर काढलेला माहितीपटहि याच पंक्तींतला. तेथील आदिम चित्रकारांनीं खडकाच्या फुगवट्यांचा उपयोग प्राण्यांच्या अंगास उठाव देण्यासाठीं केला आहे. ती गुहा सामान्य प्रेक्षकास बंद आहे, आणि सपाट छायाचित्रांत तो फुगवटा नाहींसा होतो. येथें दुसरा डोळा हा अलंकार नसून पुरावा आहे.

आपल्याकडे १९८४ च्या मल्याळी 'माय डिअर कुट्टिचातन' या चित्रपटानें, आणि पुढें 'छोटा चेतन' या त्याच्या हिंदी रूपानें, मुलांना वेड लावलें. पडद्यांतून पुढें आलेली वस्तु धरावयास हात पुढें करण्याचा आनंद निर्भेळ होता, आणि त्यास नांवें ठेवण्याचा अरसिकपणा आम्ही करणार नाहीं. पण तो जत्रेंतल्या सैरबिनीचा आनंद. दुसऱ्यांदा तो निम्मा होतो. मराठींतील पहिला त्रिमिति चित्रपट म्हणून २०१३ च्या 'झपाटलेला २' चें कौतुक झालें. तात्या विंचू हा बाहुला १९९३ च्या सपाट 'झपाटलेला'मध्यें भीतिदायक होताच. नव्या उठावानें त्याच्या अंगीं अधिक भय आलें असें आम्हांस वाटलें नाहीं.

आतां पाहण्याविषयीं. दूरचित्रवाणी ही मराठी घरांत कशी पाहिली जाते? आजोबा आरामखुर्चींत, मुलें लोडाला टेकून किंवा कुशीवर पडून, आणि आई शेंगा निवडीत निवडीत. दोन डोळ्यांचें चित्र यांपैकीं एकालाहि मानवणारें नाहीं. दोन प्रतिमांमधील फरक आडवा असतो. मान कलंडली कीं डोळ्यांची रेषा तिरपी होते आणि प्रतिमा जुळत नाहींत. बाजूस बसणारास सारें दृश्य तिरकस ओढल्यासारखें दिसतें. चष्म्यांतून पडदा आधींच अंधुक, मग परातींतल्या शेंगा कशा निवडाव्या? शिवाय डोळ्यांना एक विचित्र कसरत पडते. पुढें आलेली वस्तु पाहण्यासाठीं दोन्ही डोळे तिच्याकडे वळतात, पण नजर स्थिरावावी लागते ती मागच्या काचेवर. निसर्गतः हे दोन व्यापार बरोबर चालतात. त्यांची फारकत झाली कीं कपाळ दुखूं लागतें. थोडक्यांत, हें चित्र ताठ बसलेल्या, समोर पाहणाऱ्या, दुसरें कांहीं न करणाऱ्या एका माणसासाठीं आहे. एकोणिसाव्या शतकांतील स्टिरिओस्कोप घरोघर गेला तो उगीच नव्हे. त्यांत एका वेळीं एकानेंच पाहावयाचें असे.

एका डोळ्याच्या माणसासहि जग खोल दिसतेंच, मग या खटाटोपाची गरज काय, असा एक आक्षेप आहे. तो अगदींच टाकाऊ नाहीं. 'हाउस ऑफ वॅक्स' हा १९५३ सालचा गाजलेला त्रिमिति चित्रपट ज्या आंद्रे द टोथनें दिग्दर्शित केला, त्यास एकच डोळा होता! परंतु सुईंत दोरा ओवतांना एक डोळा मिटून पाहावा, म्हणजे दुसऱ्या डोळ्याची किंमत कळते. त्याचें राज्य हाताच्या टप्प्यापासून फार तर घराच्या अंगणापर्यंत. त्या राज्यांत जें घडतें तें टिपण्यास दोन भिंगांचा कॅमेरा योग्य आहे, आणि म्हणून आमच्या स्नेह्यांची ती घरगुती मुंज आम्हांस विश्वचषकापेक्षां या कलेच्या अधिक जवळची वाटते.

ती मुंज अखेर पाहिली गेली. स्नेह्यांच्या मुलीनें ती जुनी नोंद आपल्या मोबाइलवर घेतली आणि दोन भिंगें बसविलेल्या पुठ्ठ्याच्या एका डब्यांत तो मोबाइल ठेविला. त्या कॅमेऱ्यानें दोन्ही चित्रें दाबून एकाच चौकटींत शेजारींशेजारीं बसविलीं होतीं, १९२० बिंदूंच्या रुंदींत प्रत्येक डोळ्याच्या वांट्यास ९६०; तीं ताणून पूर्ववत् केल्यावर चित्र किंचित् भरड, पण उभें राहिलें. २०२३ पासून कांहीं मोबाइलांवरच असें चित्रण करतां येतें. परंतु त्यांच्या भिंगांमधील अंतर डोळ्यांमधील अंतराहून पुष्कळच कमी असल्यामुळें त्यांचा उठाव सौम्य असतो. हा जुना कॅमेरा त्या मानानें उदार होता. डबा एकच. एकानें पाहावें, बाकीच्यांनीं थांबावें, असा क्रम लागला.

मातृभोजनाचा प्रसंग चालू होता. हाच भाग सपाट करून त्यांनीं पूर्वीं अनेकदां पाहिला होता, आणि त्यांतील एक चौकट छापून भिंतीवरहि लाविली होती: मधें बटु, एका बाजूस त्याची आई, दुसऱ्या बाजूस आजी, तिघें एका ओळींत. स्नेह्यांनीं डबा डोळ्यांस लावला आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग डबा आमच्या हातीं देऊन म्हणाले, "बघा. आई पंक्तींत नाहींच. ती मागें, भिंतीपाशीं बसली आहे." आम्हीं पाहिलें. बटूचा पाट, त्यामागें तीन-चार हात मोकळी फरशी, आणि त्यापलीकडे भिंतीला टेकून, पाय जवळ ओढून बसलेल्या आजी. वैधव्य आल्यापासून मंगल कार्यांत पुढें येण्याचें त्या टाळीत, हें त्या घरांत सर्वांस ठाऊक होतें. त्या दिवशीं मात्र आपण त्यांस आग्रहानें पुढें बसविलें होतें, असें स्नेह्यांना इतकीं वर्षें वाटत होतें, कारण भिंतीवरचा फोटो तसें सांगत होता. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मी बोलावलं होतं त्यांना. 'हो, आले' म्हणाल्या होत्या." मुलगा शेजारींच उभा होता. त्यानें आमच्या हातांतला डबा घेतला, आणि चित्र पुन्हां पहिल्यापासून लावण्यास बहिणीला सांगितलें.