चुस्पा, चंची आणि घोंगडें

वस्त्रकलेविषयीं आपल्याकडे जें लेखन होतें तें बहुधा पैठणीच्या पदरापाशीं सुरू होतें आणि तेथेंच संपतें. पैठणी सुंदर आहे, याविषयीं वाद नाहीं. परंतु धनगराचा कळप, सनगराचा माग आणि खांद्यावरचें घोंगडें यांवांचून ज्या मुलखांत पावसाळा निभत नसे, तेथील रसिकानेंहि घोंगड्याकडे कलाकृति म्हणून क्वचितच पाहावें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सौंदर्याचा निवाडा करतांना आपण वस्तु पाहतों, कीं ती वापरणाराची प्रतिष्ठा पाहतों? या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठीं प्रथम बरेंच दूर, दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतापर्यंत, जावें लागेल.

पेरूच्या समुद्रकिनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाहीं. तेथील पाराकास द्वीपकल्पावर १९२७ सालीं हुलिओ तेयो या पेरूच्याच पुरातत्त्ववेत्त्यास वाळूंत पुरलेलीं प्रेतांचीं ४२९ गांठोडीं सांपडलीं. कांहीं प्रेतांभोंवतीं वस्त्रांचे थरावर थर गुंडाळलेले होते. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या वस्त्रांचे तांबडे, निळे, पिवळे रंग आजहि टवटवीत दिसतात. त्यांच्यानंतर पुष्कळ शतकांनीं उदयास आलेल्या इंका राजांस आपल्या अर्थाची लिपि नव्हती. हिशेब ते दोऱ्यांच्या गांठींत ठेवीत. परंतु मानमरातब त्यांनीं वस्त्रांत ठेवला होता. पराक्रमी योद्ध्यास वस्त्र बक्षीस मिळे, देवापुढें वस्त्राची आहुति पडे. १५३२ सालीं सोन्याच्या शोधांत आलेल्या स्पॅनिश लोकांस कापडानें भरलेलीं कोठारें पाहून नवल वाटलें. सोन्याहून वस्त्र मोलाचें मानणारा समाज त्यांच्या कल्पनेपलीकडचा होता.

या विणकरांच्या कलेचें मर्म एका लहानशा वस्तूंत उत्तम दिसतें. ती म्हणजे चुस्पा, कोकाचीं पानें ठेवण्याची विणलेली पिशवी. अँडीजमधील विणकर कापड विणून मग तें कापीत नाहीं. जी वस्तु करावयाची तिच्या मापाचाच ताणा तो लावतो, आणि मागावरून उतरलेल्या कापडास चारी बाजूंनीं आपला स्वतःचा काठ असतो. तें दुमडून कडा शिवल्या आणि गळ्यांत अडकवावयाचा पट्टा जोडला कीं पिशवी झाली. याचा अर्थ असा कीं पहिला धागा ताणतांनाच विणणाराच्या मनांत संपूर्ण पिशवी तयार असते. मागाहून कात्रीनें चूक झांकण्याची सोय त्याला नाहीं. उत्तम कवितेविषयीं आपण याहून वेगळें काय म्हणतों?

चुस्पाचें वर्णन प्रथम वाचलें तेव्हां प्रस्तुत लेखकास मुरगूडच्या आपल्या घरांतील आजोबांची चंची आठवली. वेदगंगेच्या काठच्या या गांवांत, आणि एकंदर कागल तालुक्यांतच, चंचीवांचून म्हाताऱ्याची कंबर पुरी होत नसे. जवळच निपाणी, तंबाखूची मोठी पेठ. त्यामुळें चंचींत पानसुपारीबरोबर तंबाखूचा कप्पा ठरलेलाच. साम्य खरोखर विलक्षण आहे. तिकडे कोकाचें पान राख किंवा चुन्याबरोबर चघळतात, इकडे पान आणि तंबाखू चुन्याबरोबर. दोन्हींकडे क्षारामुळेंच पानांतील गुण उतरतो, हें दोन्हीं समाजांनीं रसायनशास्त्र जन्मण्यापूर्वीं ओळखलें होतें. तिकडे दोन माणसें भेटलीं कीं पानांची देवघेव होते. आपल्याकडेहि बांधावर कोणी चंचीची दोरी सोडली कीं तें बोलणें लवकर आटोपणार नाहीं, हें पाहणारास लांबूनच कळे.

अशा साम्यावरून प्राचीन हिंदूंनींच अमेरिका वसविली असा निष्कर्ष काढण्याचा मोह आपल्याकडे अनेकांस झाला आहे. चमनलाल यांचा 'हिंदु अमेरिका' हा १९४० सालचा ग्रंथ त्याच धाटणीचा. हा मोह टाळावा. पान, चुना आणि तें ठेवावयास पिशवी, ही गरज सारखी असली कीं युक्ति सारखी सुचते. त्यासाठीं गलबतांची आवश्यकता नाहीं. उलट, दोन पिशव्यांतील भेदच अधिक बोधप्रद आहे. चुस्पा मागावर जन्मते. चंची मागावर कधींच जन्मत नाहीं. जुन्या लुगड्याचा धडका भाग, चोळीच्या खणाचा उरलेला तुकडा, अस्तराला कसलेंहि कापड, असें जमवून घरची बाई ती शिवते. उलगडली तर हातभर लांब, गुंडाळली तर मुठींत मावणारी, आणि प्रत्येक कप्पा आंतल्या जिनसेच्या बेताचा. तेथें कापड कापावयाचें नाहीं हा नियम. येथें कापलेलें फुकट घालवावयाचें नाहीं हा नियम. पहिली आरंभाची कला आहे, दुसरी शेवटाची. वस्त्राविषयींचा आदर दोहींत सारखाच.

चुस्पाची खरी बहीण शोधावयाची तर ती घोंगड्यांत सांपडेल. लोकर कातरावी, पिंजावी, तिचें सूत कातावें, ताण्यास चिंचोक्यांची खळ द्यावी आणि जमिनींतील खड्ड्यांत पाय सोडून बसलेल्या सनगरानें तें विणावें, हा त्याचा क्रम. काळा रंग बहुधा मेंढीचाच. काठाला पांढऱ्या लोकरीची रेघ आली तर तेवढाच अलंकार. तें अंगास टोचतें आणि भिजलें कीं जड होतें. हे दोष लपविण्यांत अर्थ नाहीं. पण भिजलेली लोकरहि ऊब सोडीत नाहीं, आणि शिंप्याचा हात न लागलेला तो एकच चौकोन पावसांत डोक्यावरची खोळ, रानांत अंथरूण, रात्रीं पांघरूण आणि पाहुण्यास बैठक होतो. इतक्या थोड्या सामग्रींत इतके अर्थ सामावणारी दुसरी कृति आपल्याकडे आहे काय?

तरीहि चुस्पा काचेच्या कपाटांत पोंचली आणि घोंगडें पोंचलें नाहीं. याचें एक कारण हवामानांत आहे. पेरूच्या वाळूनें वस्त्रें राखलीं. आपल्या पावसानें आणि कसरीनें तीं खाल्लीं, आणि जें उरलें तें माणसांनीं चिंध्या होईपर्यंत वापरलें. दुसरें कारण मात्र आपल्यांत आहे. अ‍ॅनी अ‍ॅल्बर्स या जर्मनींत जन्मलेल्या विणकर स्त्रीनें १९६५ सालीं विणकामावरील आपला ग्रंथ पेरूच्या प्राचीन विणकरांस गुरु म्हणून अर्पण केला. सनगरास गुरु म्हणण्याचें धैर्य आपल्या कलाविवेचनानें कितीसें दाखविलें?

आतां वेळ थोडा आहे. रेनकोट आणि प्लास्टिकचा कागद आल्यावर घोंगड्याचें पावसाळी काम संपलें. मेंढी मांसासाठीं पाळली जाऊं लागली, संकरानें तिची लोकर कमी झाली, आणि कातरलेल्या लोकरीस भाव उरला नाहीं. चंचीची जागा पुड्यांनीं घेतली. तंबाखू सुटली असती तर चंची गेल्याचें दुःख नव्हतें, पण व्यसन राहिलें आणि कला गेली. घोंगड्याचें कापड कापून शहरी पिशव्या करण्याची नवी रीत निघाली आहे. विणकरास चार पैसे मिळतात म्हणून तिला नांवें ठेवूं नयेत. मात्र जें न कापण्यांतच ज्याचें शील होतें तें कापून टिकविलें, एवढें भान असावें.

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेंत भंडाऱ्याबरोबर आजहि लोकर उधळली जाते. देवाच्या दारीं तिचा मान शाबूत आहे. वारकरी संतांनींहि अभंगांत घोंगड्यास देहाचें रूपक केलें. त्या रूपकावर आपण प्रवचनें ऐकतों, पण ज्यावरून रूपक घेतलें तें वस्त्र हातांत घेऊन पाहात नाहीं. खरबरीतपणा, वजन, पावसांतली ऊब हें ज्यानें अनुभवलें नाहीं त्यास देह आणि घोंगडें यांचें साम्य अर्धेंच कळेल. म्हणून ज्यांच्या घरीं जुनें घोंगडें किंवा चंची अजून असेल त्यांनीं ती ट्रंकेंतून काढावी, तिचें माप घ्यावें, कोणीं विणली व कोणीं शिवली हें म्हाताऱ्यांस विचारावें आणि लिहून ठेवावें. पेरूच्या विणकरांसाठीं हें काम वाळूनें केलें. मुरगूडच्या पावसांत तें माणसांनाच करावें लागेल.